हातात हात कधी घेणार हे लोकं?

प्रश्न : ताई, मी आणि माझी जाऊ रात्री सगळं आवरलं की मोबाईलवर कोरियन सिरीयली बघतो. बॉईज ओव्हर फ्लॉवर्स तर दोनदा झाली. आता जपानी लव्ह स्टोरी लावली तर लईच कोरडं वाटायलंय, हिरो हिरॉइन नुसते समोरासमोर बसतात, बोलत पण नाहीत, आणि बाकीचे इतकी ओव्हरअ‍ॅक्टिंग करायलेत की जाऊ म्हणली हे गणपतीतल्या नाटकातले दिसायलेत. जपानी सिरीयलींची क्वालिटीच कमी असती का? लोक कामून एवढं कौतुक करायलेत?
– एक वाचक, परभणी

उत्तर : जाऊबाईंची नजर पक्की आहे हो. लई जपानी सिरीयली 'मांगा'वरून म्हणजे तिकडच्या चित्रकथांवरून केलेल्या असतात, आता चित्रात डोळे बशीएवढे झालेले चालतात पण जिवंत माणसानं तसं केलं की हसूच येतं, मी स्वतः दोन-तीन अर्ध्यातच सोडल्यात. पण गंमत बघा, तुमची दोनदा बघितलेली बॉईज ओव्हर फ्लॉवर्स मुळात योको कामिओ या जपानी बाईंच्या 'मांगा'वरचीच, तैवाननं 2001 ला केली, जपाननं 2005 ला आणि कोरियानं 2009 ला, म्हणजे पीठ जपानचंच, फोडणी तेवढी कोरियाची.

आता कोरडेपणाचं. तिकडं सिरीयल साधारण 10-11 एपिसोडची, आठवड्याला एक, पाऊण तासाचा, आणि तीन महिन्यात गाशा गुंडाळला. आपल्यासारखं हळदीचाच कार्यक्रम पंधरा दिवस चालवायची सोयच नाही, त्यामुळं एखादी नजर, एखादं थांबणं यातच काम भागवतात. भाकरी थापता थापता नुसतं कानानं ऐकायची सिरीयल नाही ही, बघावंच लागतं.

आणि नावाचं लक्षात ठेवा, तिथं बरेच दिवस एकमेकांना आडनावाला 'सान' (आपल्या 'जी'सारखं) लावून बोलतात, ते सोडून नाव घेतलं की समजायचं गाडी पुढं सरकली. आपल्या आज्ज्या उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, मग ते एक नाव घेताना गाल का लाल व्हायचे हे परभणीच्या माणसाला मी काय सांगू! 2016 ची निगेहाजी (इंग्रजी नाव वी मॅरीड अ‍ॅज अ जॉब) बघा, त्यात पोरगी चक्क पगार ठरवून नोकरी म्हणून लग्न करते, आणि पुढं दोघं मिठी मारायचा वार ठरवतात, मंगळवार! बनी तो बनी, नहीं तो परभणी म्हणतात ना तसलाच कारभार, पण लई गोड.

उलट 1991 ची टोकियो लव्ह स्टोरी, त्यातली रिका मनातलं बिनधास्त बोलून टाकते आणि हिरोच डळमळीत, त्याचा मला अजून राग येतो. शेवट सांगत नाही.

पण सुरुवात 2022 च्या सायलेंटनं करा, 11 एपिसोड आहेत. कॉलेजच्या वयात कान गेलेला पोरगा आणि त्याची शाळेतली मैत्रीण, आठ वर्षांनी भेटतात आणि ती त्याच्याशी बोलता यावं म्हणून खाणाखुणांची भाषा शिकायला जाते. 'बोलत पण नाहीत' ही तुमची तक्रार तिथं मिटेल. फक्त पहिले दोन एपिसोड मोबाईल जाऊबाईंच्या हातात देऊ नका, पुढं ढकलतील.