वाचकांचे प्रश्न : कॉइल तापते, मग इंडक्शनची का तापत नाही?

प्रश्न : आमच्याकडे पूर्वी कॉइलची शेगडी होती आणि तिची तार लालबुंद व्हायची. इंडक्शन शेगडीतही कॉइलच असते असे दुरुस्ती करणारे सांगतात. पण तिची काच भांड्याखेरीज तापत नाही. एमआरआयच्या यंत्रातही कॉइल असते म्हणे. मग कॉइल म्हणजे नेमके काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कॉइल हे आकाराचे नाव आहे, कामाचे नव्हे. कोणत्याही कॉइलविषयी एकच विचारावे : वेटोळे सोडवून तार सरळ केली, तर काम चालेल का?

तुमच्या जुन्या शेगडीचे चालले असते. निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची ती तार विजेला अडवते म्हणून तापते. काही मीटर लांबीची तार वीतभर जागेत बसावी, एवढ्यासाठीच तिला पीळ दिलेला असतो.

इंडक्शनचे मात्र चालणार नाही. वेटोळ्याच्या प्रत्येक फेऱ्याचे चुंबकीय क्षेत्र शेजारच्या फेऱ्याच्या क्षेत्रात मिळते आणि ते बदलत राहिले की जवळच्या धातूत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून दाखवले. काचेखालच्या चपट्या कॉइलमधला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा उलटसुलट होतो, त्यामुळे भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि बूडच तापते; काचेला जी ऊब येते ती भांड्याकडून. कॉइलही थोडी तापतेच, म्हणून तर खाली पंखा घरघरत असतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ही शेगडी दाद देत नाही. भांडे घेताना बुडाला लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर पैसे वाया जाणार नाहीत.

एमआरआयमध्ये एक नव्हे, तीन प्रकारच्या कॉइल असतात. मुख्य कॉइल बहुधा नायोबियम-टायटॅनियमची असून उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेली असते. तिथे तारेचा विरोध शून्य होतो, त्यामुळे तिचे चुंबकत्व तपासणी नसतानाही चालूच असते. (म्हणूनच खोलीबाहेर किल्ल्या काढून ठेवायला सांगतात, आणि ते निमूट ऐकावे.) कानठळ्या बसवणारी ठकठक दुसऱ्या, ग्रेडियंट कॉइलची : तीव्र क्षेत्रात प्रवाह झपाझप बदलताना ती हादरते. डोक्याभोवती किंवा गुडघ्याभोवती बसवतात तो पिंजरा म्हणजे शरीरातून येणारे क्षीण रेडिओ-संकेत टिपणारी तिसरी कॉइल.

वैद्यकात विजेशी संबंध नसलेल्याही कॉइल आहेत. आपण जिला ‘तांबी’ म्हणतो, तिला इंग्लंडमध्ये कॉइलच म्हणतात. तिथे काम तांबे करते, तार गुंडाळलेली असते ती पृष्ठभागासाठी. ‘कॉपर-टी ३८०’ मधला आकडा त्या पृष्ठभागाचे चौरस मिलिमीटर सांगतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यात प्लॅटिनमची बारीक कॉइल भरतात, तीही तिथे रक्त गोठून फुगा बंद व्हावा म्हणून.

फेऱ्यांचे मोल पाहायचे असेल, तर जळालेली विहिरीची मोटार घेऊन रिवाइंडिंगच्या दुकानात जावे. चांगला कारागीर जुनी तार कापून फेकण्याआधी फेरे मोजतो, तारेची जाडी पाहतो आणि दोन्ही आकडे लिहून ठेवतो. तांबे वाचवण्यासाठी फेरे कमी घातले, तर मोटार जास्त प्रवाह ओढते, तारेवरचे इनॅमल करपते, शेजारचे फेरे एकमेकांना चिकटतात आणि तीच मोटार त्याच हंगामात पुन्हा दुकानात येते.