वसंतात मांजरीचे केस फार गळतात आणि ती दिवसभर अंग चाटत बसते. या दिवसांत तिची काळजी कशी घ्यावी?

आपण वर्णन केलेले केस गळणे हा आजार नव्हे. थंडीत दाट झालेले केस फाल्गुनात गळू लागतात आणि चाटताना पोटात जातात. आम्ही परभणीत बरीच वर्षे मांजरे पाळत आहोत. माझ्या अनुभवानुसार या ऋतूतील पुष्कळ दुखण्यांचे मूळ या चाटण्यातच असते, कारण मांजरीच्या अंगावर जे पडते ते थोड्याच वेळात तिच्या पोटात गेलेले असते.

केसांसाठी रोज पाच मिनिटे बारीक दातांची फणी फिरवावी. मांजरीने कधीमधी ओल्या केसांची वळकटी ओकली तर घाबरू नये. मात्र नुसतीच उबळ येत राहिली आणि तिने 24 तास अन्नाला तोंड लावले नाही, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे.

धुळवड आणि रंगपंचमी या दोन दिवशी तिला घरातच ठेवावे. एका धुळवडीला आमचा पांढरा बोका पाठ हिरवीगार करून आला आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून ती चाटू लागला; मी पोहोचेपर्यंत त्याच्या मिशाही हिरव्या झाल्या होत्या. कोरडा रंग आधी फणीने झाडून मग कोमट पाण्याने अंग धुवावे आणि लगेच पुसावे. चंदेरी ऑइलपेंट लागला असेल, तर आपल्याकडे हात धुण्यासाठी वापरतात ते रॉकेल तिच्या अंगाला चुकूनही लावू नये. त्याने कातडी भाजते आणि चाटताना ते फुप्फुसात जाऊ शकते. खाण्याचे तेल चोळून रंग मऊ करावा, मग साबणाने धुवावे, नाहीतर तेवढे केस सरळ कापून टाकावेत.

सर्वांत मोठा धोका पिसवांच्या औषधाचा आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन असते. मांजरीच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही, त्यामुळे तिला थरथर सुटते, झटके येतात आणि ती दगावूही शकते. मांजर लहान म्हणून अर्धेच थेंब टाकावेत, हा हिशेब येथे चालत नाही. मांजरीसाठीचेच औषध, तेही तिचे वजन सांगून आणावे. चुकून दुसरे पडलेच, तर भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन तातडीने दवाखाना गाठावा. यकृताच्या याच उणिवेमुळे पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते, आणि फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते, म्हणून फरशी पूर्ण वाळेपर्यंत दार लावून ठेवावे.

लग्नसराईतील पुष्पगुच्छात मोठ्या पाकळ्यांची लिली असेल, तर तो घरात ठेवूच नये. केसांवर पडलेले तिचे पराग चाटले तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सुगीनंतर ज्वारीच्या पोत्यांभोवती उंदरांचे विष ठेवण्याऐवजी पिंजरा लावावा, कारण विष खाल्लेला सुस्त उंदीर मांजरीच्या तोंडी आयताच सापडतो.

आपल्याकडे वसंत कसला, होळी सरली की ऊन सुरू! एप्रिलमध्ये पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा हेच चाटणे मांजरीच्या उपयोगी पडते, कारण केसांवरील लाळ वाळताना अंग थंड होते. त्यासाठी शरीरात पाणी हवे. घरात दोन-तीन ठिकाणी, जेवणाच्या ताटलीपासून दूर, मातीच्या परळात पाणी ठेवावे, आणि दुपारी तिला पत्र्याच्या खोलीत कोंडू नये. मांजर कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकू लागली, तर पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओले करावे, बर्फ लावू नये आणि लगेच निघावे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आपण लांब राहत असाल, तर जवळच्या पशुवैद्यांचा क्रमांक आणि झाकणाची टोपली आजच हाताशी ठेवा.