पोळपाटाचा चौथा पाय

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, आजीच्या पोळपाटाला तीनच पाय आहेत. चौथा कुठे पडला?" मी उत्तर देणार तेवढ्यात आजीने फोन घेतला, मग गिरगावातला पाऊस आणि तुझा खोकला यांत तुझा प्रश्न राहूनच गेला. आज इथे लीड्सला सुट्टी आहे, म्हणून सावकाश लिहिते.

चौथा पाय पडला नाही गं. तो नव्हताच कधी. तुझ्या वहीखाली सारखे नसलेले तीन खोडरबर ठेव आणि वहीवर बोटाने दाब. वही तिरकी असेल, पण हलणार नाही. आता चौथं खोडरबर ठेव. चारांपैकी एक थोडं जरी बुटकं असलं, तरी वही डुगडुगेल. तीन पाय असले की जमीन कशीही असो, तिन्ही एकदम टेकतात. चार पायांना मात्र सपाट जमीन लागते, नाहीतर एक जण अधांतरी राहतो. गावाकडे चुलीसाठी तीन धोंडे मांडतात, तेही यासाठीच.

पोळी लाटताना जोर कधी डाव्या हाताचा पडतो, कधी उजव्या. त्यात पोळपाट हलला तर पोळी एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते आणि मग तव्यावर नीट फुगत नाही. तू म्हणशील, पण आजीचा ओटा तर सपाट आहे! आत्ता आहे. मी चौथीत असताना तो बांधला. त्याआधी स्टोव्ह खाली, विळी खाली, पोळपाट खाली आणि जेवायला बसणारे आम्ही सगळेही खालीच, पाटावर. फरशी शहाबादी होती आणि चाळ जुनी, त्यामुळे फरशा कुठे खचलेल्या, कुठे वर आलेल्या. ओटा आल्यावर पोळपाट उचलून वर ठेवला, पण त्याचे पाय त्या जुन्या जमिनीसाठीच केलेले आहेत. मला तो पोळपाट म्हणूनच फार आवडतो. आपण सगळे जिथे बसायचो ती जमीन त्याला अजून माहीत आहे.

विळीचंही तसंच. सुरीने कापताना एका हाताने भाजी धरायची आणि दुसऱ्या हाताने सुरी चालवायची. विळीचं पातं जागचं हलत नाही, कारण आजी पाटावर बसून स्वतःच्या वजनाने विळी दाबून ठेवते. मग भाजी धरायला दोन्ही हात मोकळे राहतात. पात्याची धार आपल्याकडे असते आणि भाजी आपण पुढे, आपल्यापासून लांब ढकलतो. टोकाला ती दातेरी चकती दिसते ना, ती खवणी. आपल्या कोकणच्या माणसाच्या घरात रोज नारळ लागणार, म्हणून कापायचं आणि खवायचं काम एकाच वस्तूत बसवलंय. नारळी पौर्णिमेला आजी नारळीभातासाठी खोबरं खवेल तेव्हा बघ, नारळाची वाटी खवणीवर कशी फिरते आणि कीस सरळ खालच्या ताटात कसा पडतो. काम झालं की आजी पातं लगेच मिटते, कारण घरात जमिनीवर रांगणारी मुलं असायची. मीही तशीच रांगले. आजी शेजारी नसेल तेव्हा विळीला हात लावायचा नाही, हे मात्र नक्की.

आता तांब्या. पोट गोल, गळा अरुंद आणि काठ बाहेर वळलेला. गळ्याला बोटांचा विळखा घातला की काठामुळे तांब्या निसटत नाही, म्हणून त्याला कान लागत नाही. अरुंद गळ्यामुळे चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही, आणि वळलेल्या काठावरून धार नीट पडते, त्यामुळे तोंड न लावता वरून पिता येतं. एकाच तांब्याचं पाणी सगळ्यांनी प्यायचं, तर हे हवंच. वर भांडं उपडं घातलं की झाकणही झालं. पाहुणा दारात आला की तांब्या-भांडं पुढे करायचं, बाकीची विचारपूस नंतर.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं प्रसिद्ध डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून भारतात आलं होतं. 1958 साली त्यांनी सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं, म्हणजे आपल्या तांब्याच्या भावंडाचं. तो हातात कसा बसतो, डोक्यावर किंवा कमरेवर कसा नेता येतो, खाली ठेवताना कसा वाजतो, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. त्या अहवालातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. तूही आज रात्री तांब्या भरलेला असताना आणि रिकामा असताना फरशीवर ठेवून ऐक.

तीनावरून आठवलं. आजीच्या मिक्सरच्या प्लगला तीन पिना आहेत, त्यांतली वरची लांब आणि जाड आहे, आपल्या इथल्या प्लगसारखीच. ती अर्थिंगची, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी. लांब असल्यामुळे ती सॉकेटमध्ये सगळ्यांत आधी लागते आणि सगळ्यांत शेवटी सुटते, म्हणजे वीज येण्याआधीच बचावाची वाट तयार असते. दाराच्या कुलपाला खाली बारीक भोक आहे ना, तेही उगाच नाही. त्यातून पावसाचं पाणी निघून जातं आणि गंज चढला तर तिथूनच तेल सोडता येतं. आणि सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि आकडा शोध. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी, आणि आकडा वर्षाचा. सिलिंडरची पुढची तपासणी तेव्हा व्हायची असते. ती तारीख उलटून गेलेली दिसली तर लगेच आजीला सांग.

एक शेवटचं. आजीच्या भांड्यांवर नावं का घातलेली आहेत, हे तू मागच्या वर्षी विचारलं होतंस. चाळीत लग्न निघालं की पातेली, पराती, तांबे घराघरांतून गोळा व्हायचे. पंगती उठल्यावर सगळी भांडी एकत्र घासली जायची, मग कुणाचं काय ते नावावरून कळायचं. तांबाकाट्याला, म्हणजे मुंबईच्या भांडीबाजारात, भांडं घेतलं की आजी नाव घातल्याशिवाय दुकानातून हलायची नाही.

वरच्या फळीवर उजवीकडे एक मोठं पितळी पातेलं आहे. स्टुलावर चढू नकोस, मामाला काढून द्यायला सांग. त्याच्या काठाखाली बोट फिरव, ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं लागतील. ते नाव आजीचं नाही, आपल्या घरातल्या कुणाचंच नाही. समोरच्या खोलीतल्या काकूंचं आहे. माझ्या लग्नात ते आपल्याकडे आलं, आणि परत द्यायच्या आत त्या खोली विकून विरारला गेल्या. आजी दर दिवाळीला ते चिंचेने घासते, पण त्यात कधी काही शिजवत नाही. का, ते तू तिलाच विचार, आणि ती सांगेल ते मला लिहून पाठव.

तुझी,
आई