वाचकांचे प्रश्न : बाखच्या शेजारी ब्लूज

प्रश्न : मॉडर्न जॅझ क्वार्टेट या अमेरिकन जॅझ चौकडीचा 'ब्लूज ऑन बाख' हा अल्बम ऐकला. सगळं आधीच लिहून ठेवल्यासारखं वाटतं. यात उत्स्फूर्त वादन आहे तरी कुठे?

उत्तर : शंका निम्मी बरोबर आहे. १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये नऊ रचना आहेत : पाच बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकारावर बेतलेल्या आणि त्यांच्या अधेमधे चार ब्लूज, म्हणजे बारा बारच्या ठरलेल्या साच्यावर फिरणाऱ्या रचना. बाखच्या रचनांत चौकडीचा पियानोवादक जॉन लुईस पियानो सोडून हार्प्सिकॉर्ड हे जुनं, पट्ट्यांचं तारवाद्य वाजवतो. तिथे बांधणीला महत्त्व. मोकळं वादन शोधायचं ते ब्लूजमध्ये.

'ब्लूज इन बी फ्लॅट' लावा आणि आधी मिल्ट जॅक्सनच्या व्हायब्राफोनकडे (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) चक्क दुर्लक्ष करा. पर्सी हीथचा बास धरा. चार ठोक्यांचा एक बार, असे बारा, म्हणजे ४८ ठोक्यांचं आवर्तन. पाचव्या बारला हार्मनी, म्हणजे ओळीखालचा स्वरमेळ, ई फ्लॅटवर सरकते, सातव्याला परत बी फ्लॅटवर येते, नवव्या-दहाव्यात एफची ओढ लागते. पाचव्या बारचा बदल कानाला कळला की मोजणी जुळली म्हणायची. बहुतेकांची ती फसते, कारण ते जॅक्सनच्या ओळींबरोबर मोजतात, आणि सोलो वाजवणाऱ्याची ओळ आवर्तनासोबतच संपते असं थोडंच आहे! बास पक्का झाला की मग जॅक्सनकडे वळा. साचा तोच असताना तो दर फेरीला काय वेगळं करतो, हे आता ऐकू येईल.

प्रश्न : अल्बममधल्या चार ब्लूजच्या स्वरांचा क्रम बी फ्लॅट, ए, सी, एच असा का? आणि 'एच' हा कुठला स्वर?

उत्तर : जर्मन पद्धतीत बी फ्लॅटला 'बी' आणि साध्या बीला 'एच' म्हणतात. चार ब्लूज ओळीने बी फ्लॅट, ए, सी आणि एचमध्ये आहेत. रोमन अक्षरं जोडा, B-A-C-H, बाखचं नाव तयार.

प्रश्न : हार्प्सिकॉर्डपुढे व्हायब्राफोन दबतो. ट्रेबल (उंच स्वरांचा जोर) वाढवू का?

उत्तर : नको. हार्प्सिकॉर्डची तार छेडली जाते, त्यामुळे प्रत्येक स्वराची सुरुवात टोकदार असते. ट्रेबलने नेमकं तेच टोक वाढतं. व्हायब्राफोनची गंमत स्वर वाजल्यानंतरच्या लहरीत आहे. पट्ट्यांखालच्या नळ्यांवरच्या चकत्या मोटरने फिरतात, तिथून ती येते, आणि जॅक्सन मोटर मुद्दाम संथ ठेवायचा. ट्रेबल मधल्या शून्यावर, म्हणजे ना वाढवलेला ना घटवलेला, आणा, आवाज थोडा कमी करा. तरी दबलाच तर हेडफोन लावून पाहा.

प्रश्न : बाख आणि जॅझ एकाच रचनेत खरोखर मिसळलेले कुठे सापडतील?

उत्तर : याच चौकडीच्या 'व्हेंडोम'मध्ये. तो फ्यूग आहे : विषय एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि मधल्या जागांत उत्स्फूर्त वादन येतं. आमच्या मते मिश्रण म्हणून तो 'ब्लूज ऑन बाख'पेक्षा सरस आहे.