राधानगरीचे सात दरवाजे आणि बायनॉमियलची अट

बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन (कुठली किंमत किती शक्यतेनं येते) आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन (दोनच निकालांची गोष्ट एन वेळा केली तर किती वेळा यश येतं) हे शेवटचे दोन धडे. शेवटचे म्हणून ते घाईत उरकले जातात आणि शंका तशाच राहतात. आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथं घेतले आहेत.

सर, रँडम व्हेरिएबल हे फंक्शन असतं असं वहीत लिहून दिलंय. पण गणितात तर नुसता तक्ता दिसतो. फंक्शन कुठं आहे?
(बारावी विज्ञान, गारगोटी)

तक्ता तयार होण्याआधीच फंक्शन आपलं काम करून गेलेलं असतं. तीन नाणी उडव. एकूण आठ निकाल: छापा-छापा-छापा, छापा-छापा-काटा, असे पुढं. आता एक नियम ठरव, 'प्रत्येक निकालातले छापे मोजायचे'. छापा-काटा-छापा आलं तर २, काटा-काटा-काटा आलं तर ०. निकाल आत टाकला की आकडा बाहेर येतो, हेच तुझं फंक्शन. त्याला एक्स म्हण. ०, १, २, ३ या किमतींच्या शक्यता येतात १/८, ३/८, ३/८, १/८. हा झाला तक्ता.

आता नाणी तीच ठेव, नियम बदल: छापे आणि काटे यांतला फरक, उणे चिन्ह सोडून. याला वाय म्हण. त्याच्या किमती दोनच, १ आणि ३. शक्यता ६/८ आणि २/८. नाणी तीच, निकाल तेच, तक्ता मात्र वेगळा. म्हणून गणित सोडवायला घेतलंस की पहिल्या ओळीत 'एक्स म्हणजे अमुक' असं शब्दांत लिही. ती ओळ न लिहिता थेट सूत्राला हात घालणारी मुलं पेपर तपासताना लगेच ओळखू येतात.

कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी. पाणी ४३ वर जातं हे आम्ही डोळ्यांनी बघतो. मग कंटिन्युअस व्हेरिएबलमध्ये 'बरोबर ४३' ची शक्यता शून्य कशी?
(बारावी, शिये)

उत्तम प्रश्न. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ च्या पुढं चढतं तेव्हा ते ४३ वरून जातंच, याबद्दल वाद नाही. पण उद्या सकाळी बरोबर सात वाजता पातळी ४३.००००… असेल, दशांशानंतर कुठंही तसूभर फरक नसेल, याची शक्यता किती? शून्य. '४२ फूट ११ इंच ते ४३ फूट १ इंच' असं विचारलंस तर शक्यता मिळते, कारण कंटिन्युअस व्हेरिएबलमध्ये शक्यता म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ, आणि आता ते आहे. एका बिंदूवर उभी रेघ मारली तर तिच्या खाली क्षेत्रफळ कुठलं?

यातूनच दुसरी गफलत होते. पीडीएफची, म्हणजे हा वक्र देणाऱ्या प्रोबॅबिलिटी डेन्सिटी फंक्शनची, किंमत म्हणजे शक्यता नव्हे. ० ते १ मध्ये ३एक्स² हे फंक्शन घे. एक्स = १ ला त्याची किंमत ३ येते. शक्यता ३ कशी, म्हणून मुलं घाबरतात आणि बरोबर आलेलं उत्तर खोडतात. एकूण क्षेत्रफळ १ आहे ना, मग झालं.

पावसाळ्यात पेपरात पाणीपातळीच्या बातमीतच 'जिल्ह्यातले इतके बंधारे पाण्याखाली' असंही असतं. तो आकडा मोजून येतो, म्हणजे डिस्क्रीट. पातळी मोजपट्टीवरची, म्हणजे कंटिन्युअस. आणखी कीस काढायचा तर पेपरात छापलेली पातळी जवळच्या इंचापर्यंत पूर्ण केलेली असते, म्हणून छापील आकडाही डिस्क्रीटच! पण परीक्षेत एवढ्या खोलात जाऊ नकोस.

तक्त्यातल्या शक्यता के मध्ये दिल्या की के च्या दोन किमती येतात. कुठली सोडायची?
(बारावी, जयसिंगपूर)

समजा शक्यता के, २के, ४के², ६के² आहेत. बेरीज १ धरली की १०के² + ३के − १ = ०, म्हणून के = १/५ किंवा −१/२. उणे किमतीनंही बेरीज १ च येते, करून बघ. पण तिथं पहिलीच शक्यता −१/२ होते. बेरीज १ आणि प्रत्येक शक्यता शून्य किंवा जास्त, दोन्ही अटी तपासायच्या. संपलं.

सर, मुलगा म्हणतो, सीईटीत न येणाऱ्या सगळ्या प्रश्नांना 'बी' ठोकून यायचं. हे बरोबर आहे का?
(एक पालक, इचलकरंजी)

ताई, या बाबतीत मुलगा बरोबर आहे. एमएचटी-सीईटीला उणे गुण नाहीत, गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा आणि पर्याय चार. समजा १२ प्रश्न उरले. प्रश्नांची संख्या एन = १२, एक प्रश्न बरोबर येण्याची शक्यता पी = १/४, म्हणून सरासरी ३ प्रश्न बरोबर, म्हणजे ६ गुण. कोरे सोडले तर शून्य. बाराच्या बारा चुकण्याची शक्यता ०.७५ चा बारावा घात, म्हणजे जेमतेम ३ टक्के. पण ६ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यताही ५ टक्क्यांच्या आसपासच आहे, हे त्याला जरूर ऐकवा. सगळीकडं 'बी' ठोकला काय किंवा डोळे मिटून वेगवेगळा पर्याय निवडला काय, योग्य पर्याय चारही जागी सारख्याच शक्यतेनं येत असेल तर सरासरी तीच राहते.

जेईई मेनला हिशेब वेगळा, कारण बरोबरला ४ आणि चुकीला −१. नुसता अंदाज मारला तर ४ × १/४ − १ × ३/४ = ०.२५, म्हणजे फायदा नावापुरता. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर ४ × १/३ − १ × २/३, म्हणजे ०.६७ च्या घरात. तेव्हा चार पर्यायांतून निवडण्यापेक्षा एखादा खोडायचा सराव करून घ्या.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. उघडे दरवाजे = एक्स धरलं तर एन = ७ घेऊन बायनॉमियल लावता येईल का?
(अकरावी, राधानगरी तालुका)

अकरावीत हा प्रश्न सुचला, शाब्बास! एक्स झकास निवडलास. त्याच्या किमती ० ते ७, प्रत्येकीला काही ना काही शक्यता आहे, म्हणजे डिस्ट्रिब्युशनही आहे. पण ते बायनॉमियल नाही.

बायनॉमियलला चार गोष्टी लागतात: ठरलेला एन, प्रत्येक वेळी दोनच निकाल, पी तोच आणि एका वेळेचा दुसऱ्यावर परिणाम नाही. दरवाजा उघडा किंवा बंद, म्हणजे निकाल दोन. सात दरवाजे, म्हणजे एन ठरलेला. घोडं पेंड खातं ते शेवटच्या अटीवर. हे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एक उघडला याचाच अर्थ धरण काठोकाठ आलंय, मग शेजारचा उघडण्याची शक्यता तेवढ्यानंच वाढली. सातही दरवाजांना जलाशय एकच, पाऊस एकच.

आकड्यांत बघ. समजा एक दरवाजा उघडा सापडण्याची शक्यता ०.२ आहे. बायनॉमियल लावलं तर सातही एकदम उघडे असण्याची शक्यता ०.२ चा सातवा घात, ०.००००१२८, म्हणजे लाखात सव्वा. आणि सातही दरवाजे उघडल्याची बातमी तर आपण वाचलेली आहे. उलट उन्हाळ्यात सातही बंद. डिस्ट्रिब्युशनचा भार शून्याकडं जास्त, बायनॉमियलनं न दाखवलेला थोडा भार सातकडं. बायनॉमियलसारखी मधली टेकडी इथं नाही.

ही अट दुसरीकडंही मोडते. गुळाच्या १० रव्यांत (ढेपांत) २ काळपट आहेत आणि परत न ठेवता ३ काढले. तिन्ही चांगले निघण्याची शक्यता ५६/१२०, म्हणजे ०.४६७. बायनॉमियल ०.८³ = ०.५१२ सांगतं, म्हणजे चुकतं. मात्र १००० रव्यांत २०० काळपट असतील तर खरी शक्यता ०.५११६ येते, फरक किरकोळ. म्हणून सौद्यातल्या मोठ्या ढिगाला बायनॉमियल चालून जातं.

निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर असं सांगतात. रेषेला लागून घर घेतोय. २०२१ ला येऊन गेला, म्हणजे आता बरीच वर्षं निर्धास्त ना?
(एक वाचक, कोल्हापूर)

नाही. 'पंचवीस वर्षांतून एकदा' म्हणजे दर वर्षी ४ टक्के शक्यता, एवढंच. पूर रांगेत उभा राहून पाळी येण्याची वाट बघत नाही. कर्ज २० वर्षांचं धरा. एकदाही न येण्याची शक्यता ०.९६ चा विसावा घात, ०.४४२, म्हणजे निदान एकदा येण्याची ५६ टक्के. दोन किंवा जास्त वेळा येण्याची १९ टक्के. लाल रेषेजवळ, म्हणजे शंभर वर्षांच्या पुराच्या हिशेबानं, हीच २० वर्षं धरली तर निदान एकदा येण्याची शक्यता १८ टक्के.

हा हिशेब दर वर्षी पी तोच आणि वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र असं धरून केला आहे. नदीपात्राकडेला भराव पडत गेले, पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळू लागला, तर पी वाढणार. पी ४ चा ६ टक्के झाला तर ५६ चे ७१ होतात. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा नकाशावरची रेषा बघून परत येऊ नका. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा.