शाईतला ड्रॅगन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चिनी पद्धतीचा ड्रॅगन काढते आहे. आधी अंग पूर्ण रेखाटलं, मग मागे ढग रंगवले. पण तो ढगातून येतोय असं वाटतच नाही, ढगावर चिकटवलेली नळी वाटते. काय चुकतंय? (एक वाचक, सांगली)

क्रम चुकतोय. चिनी ड्रॅगन आगीचा नव्हे, पाण्याचा प्राणी. पाऊस, नद्या, समुद्र त्याच्या ताब्यात, म्हणून त्याच्या चित्रात ढग आधी येतात आणि ड्रॅगन त्यातून उरतो. चन रोंग या दक्षिण सुंग राजवटीच्या काळातल्या चिनी चित्रकाराचा १२४४ सालचा ‘नऊ ड्रॅगन’ हा पट बोस्टनच्या म्यूझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, लांबी सुमारे ११ मीटर. त्याची छायाचित्रं निरखून बघा: अंग धुक्यात विरतं आणि पुढे भलत्याच ठिकाणी पुन्हा वर येतं.

फिक्या पेन्सिलीने मणक्याची एकच अखंड रेघ काढा. ढगात लपणारा भागही तीत हवा. तो सोडला, तर पलीकडून निघणारी शेपटी दुसऱ्याच ड्रॅगनची वाटते. मग उजेडातली पाठ कोरडी ठेवून भोवतीचा कागद स्वच्छ पाण्याने ओला करा आणि एक भाग शाई, आठ-दहा भाग पाणी असा फिका वॉश (पातळ शाईचा थर) त्यात सोडा. पाठीकडची कड धारदार राहू द्या. अंग जिथे ढगात शिरतं तिथे मात्र शाई ओली असतानाच धुतलेला, निथळलेला ब्रश फिरवून कड विरवा. तिथे रेघ मारून थांबलात की संपलं. असे तीन वॉश द्या, प्रत्येक वेळी कागद पूर्ण वाळल्यावरच. घाई केली तर खालचा थर उचलला जातो आणि ढग चिखलासारखे होतात.

नळीचा दोष बहुतेकदा खवल्यांचा असतो. सगळे एका मापाचे काढले की अंग सपाट दिसतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला खवले मोठे आणि मोकळे, आतल्या बाजूला बारीक आणि दाटीवाटीने बसवा. ओळी विटांच्या बांधकामासारख्या, एकीचा सांधा दुसरीच्या मध्यावर. खवल्याची मोकळी, गोल कड शेपटीकडे. उलटी काढणारे पुष्कळ भेटतात. मुळाशी, म्हणजे डोक्याच्या बाजूला, गडद शाई लावा आणि कडेकडे फिकी करत न्या. पोटाला खवले नकोत, तिथे रुंद आडवे पट्टे. नमुना हवा असेल तर मासळीबाजारात रोहू पाहा. परंपरेने ड्रॅगनला कार्प माशाचे खवले दिलेत आणि रोहू त्याच कुळातला. खवले ८१ असतात असं जुने ग्रंथ सांगतात (नऊ नव्वे, नऊ हा एक-आकडी यांग, म्हणजे विषम, संख्यांतला सर्वांत मोठा), पण चित्रात मोजत बसू नका, निम्मं अंग ढगात असतं.

प्रश्न: शाई कागदावर पसरते आणि रेघ केसाळ होते. (एक वाचक, ठाणे)

तुमच्याकडे कच्चा श्वेन, म्हणजे सरस न दिलेला चिनी चित्रकागद असणार. तो शाई लगेच पितो. झटक्यात काढायच्या चित्राला उत्तम, थरांच्या कामाला निरुपयोगी. तुरटी-सरस दिलेला श्वेन घ्या, किंवा सरळ ३०० जीएसएमचा (जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरबरीत, वॉटरकलर कागद. बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक टाळा. ती वाळली की कड विरवता येत नाही आणि ब्रशच्या मुळाशी घट्ट बसते. शाईची कांडी दगडावर अर्धा चमचा पाण्यात, दाब न देता, आठ-दहा मिनिटं उगाळा. उरलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरू नका: सरस बिघडतो, दाणे पडतात.

प्रश्न: पायाला नखं किती? भेट द्यायचं चित्र आहे, चुकीचा अर्थ निघायला नको. (एक वाचक, पणजी)

चीनमध्ये पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा. युआन राजवटीपासून (तेरावं-चौदावं शतक) सामान्यांनी तो वापरण्यावर निर्बंध आले, नंतरच्या मिंग आणि छिंग दरबारांनीही ते पाळले. खालच्या दर्जाला चार नखं. जपानी चित्रांत बहुधा तीन दिसतात. आज पाच काढलीत म्हणून कोणी रागावणार नाही, पण एका चित्रात एका पायाला चार आणि दुसऱ्याला पाच हे मात्र जाणकाराच्या नजरेत लगेच येतं.

आकड्यापेक्षा पायाच्या घडणीकडे लक्ष द्या. हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, गाईचे कान अशी जी नऊ साम्यं सुंग काळापासून सांगतात, त्यांत पंजा वाघाचा आणि नखं गरुडाची. पंजा मांसल, गादीदार हवा, त्यातून नख बाकदार निघावं. नुसतं नख काढलं की कोंबडीचा पाय होतो.

प्रश्न: डोळे शेवटी का काढतात? (एक वाचक, पुणे)

सहाव्या शतकातल्या जांग सेंगयौ या चिनी चित्रकाराची कथा आहे. त्याने नानजिंगच्या आनलो मठाच्या भिंतीवर चार ड्रॅगन काढले, पण बुबुळं ठेवली नाहीत. ठेवली तर उडून जातील म्हणे. लोकांनी हट्ट धरला. दोघांना बुबुळं काढताच वीज कडाडली, भिंत फुटली आणि ते दोघे ढगांत गेले.

कामाच्या दृष्टीनेही हे बरोबर आहे. ढग आणि अंग पुरं झाल्याशिवाय नजर कुठे जायला हवी ते ठरत नाही. समोर मोती काढला असेल तर दोन्ही बुबुळं त्याच्याकडे. बुबुळ वरच्या पापणीला टेकवा, खाली पांढरं दिसू द्या. मधोमध ठेवलं तर ड्रॅगन दचकलेला दिसतो. चमक म्हणून कागदाचा ठिपका कोरा सोडा. वरून पांढरा रंग लावला तर शाईच्या चित्रात तो खडूसारखा उठून दिसतो.