उजवीकडचं वळण शेवटपर्यंत टिकत नाही: डिस्कची निवड आणि हाताचा कोन

डिस्क गोल्फमधला (चकती फेकत बास्केटपर्यंत न्यायचा खेळ) हा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही उजव्या हाताने बॅकहँड (डिस्क छातीसमोरून ओढून) टाकता. फेअरवे (डिस्क उडवायचा मोकळा पट्टा) साधारण ७० मीटरवर झाडांना वळसा घालून उजवीकडे जातो. डिस्ट्रॉयर ही लांब पल्ल्याची डिस्क अ‍ॅनहायझरवर (उजवीकडे कललेली) सोडली की आधी उजवीकडे झुकते, पण ऐन वळणावर सरळ होते आणि डावीकडच्या झाडीत जाऊन पडते. कोन वाढवला तर थेट जमिनीत घुसते. तर डिस्क कोणती घ्यावी आणि हातात काय बदल करावा?

आधी डिस्क बदला, हाताकडे नंतर येऊ. सोडताना दिलेला कोन फक्त वळणाची सुरुवात करतो. ते वळण टिकणार की मोडणार, हे डिस्क ठरवते. त्यामुळे वळणाच्या थ्रोसाठी डिस्क निवडताना उड्डाणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यापासून मागे विचार करत यायचं: पडताना ती कुठल्या बाजूला जात असायला हवी?

डिस्ट्रॉयरचे आकडे १२, ५, उणे १, ३. म्हणजे वेग १२, ग्लाइड (हवेत तरंगत राहणं) ५, टर्न (वेगात असताना उजवीकडे कलणं, जितकं उणे तितकं जास्त) उणे १ आणि फेड (वेग उतरल्यावर डावीकडे कलणं) ३. हे आकडे तेवढ्या वेगाने फेकणाऱ्याच्या हातात खरे ठरतात. ७०-८० मीटर फेकणाऱ्या हातात वेग १२ची डिस्क टर्न जवळजवळ दाखवतच नाही, फेड मात्र पुरेपूर दाखवते. अशा डिस्कला अ‍ॅनहायझर दिला की ती आधी उजवीकडे जाणार आणि मग डावीकडे परतणार. यालाच फ्लेक्स शॉट म्हणतात. उजवीकडचं झाड चुकवून शेवटी डावीकडे उतरायचं असेल तेव्हा तो उत्तम थ्रो आहे. तुमच्या फेअरवेला नेमकं उलटं हवं आहे.

असं का होतं तेही पाहू, म्हणजे दुसऱ्या फेअरवेवर पुन्हा विचारावं लागणार नाही. उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेगात असताना हवेचा उचल देणारा जोर मध्याच्या मागे पडतो आणि नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबू पाहतो. पण डिस्क फिरती असल्यामुळे तो परिणाम ९० अंशांनी सरकून दिसतो: डिस्क उजवीकडे कलते. हा टर्न. वेग उतरला की जोर मध्याच्या पुढे येतो, नाक वर जाऊ पाहतं आणि डिस्क डावीकडे कलते. हा फेड. म्हणजे शेवटी डावीकडे जायची ओढ बहुतेक सगळ्याच डिस्कना असते, फरक फक्त तिच्या जोराचा. तुम्हाला फेड शून्य किंवा एक असलेली डिस्क हवी.

माझी पहिली पसंती माको३ किंवा तशीच न्यूट्रल (कोणत्याच बाजूला न ओढणारी) मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची डिस्क. तिचे आकडे ५, ५, ०, ०. दिलेला कोन ती जवळपास जमिनीपर्यंत धरून ठेवते, त्यामुळे १५-२० अंशांचा सौम्य अ‍ॅनहायझर पुरतो. बझ (५, ४, उणे १, १) असेल तर तीही चालेल, आणि नव्यापेक्षा झाडांवर आपटून मुरलेली असेल तर अधिक चांगली. वापराने डिस्क हळूहळू अंडरस्टेबल (टर्न जास्त, फेड कमी) होत जाते, स्वस्त प्लास्टिकची जास्त लवकर. ती टाकून देऊ नका, उजव्या वळणासाठी बॅगेत तीच ठेवा.

अंतर कमी पडत असेल तर लेपर्ड (६, ५, उणे २, १) घ्या आणि अ‍ॅनहायझरऐवजी सपाट किंवा ५-१० अंश हायझरवर (डावीकडे कललेली) सोडा. ती स्वतःच उठून सपाट होते आणि मग हळूहळू उजवीकडे ओढली जाते. हा हायझर फ्लिप. नेमका कोन मोठ्या जोराने देण्यापेक्षा बऱ्याच जणांना हे सोपं जातं, कारण शरीर नेहमीच्या ठेवणीत राहतं. रोडरनर (९, ५, उणे ४, १) याहून जास्त वळेल, पण हात जोरदार असेल तर उलटून जमिनीवर घरंगळत जाईल. हलकं वजनही टर्न वाढवतं, म्हणून त्याच साच्याची १७५ ग्रॅमपेक्षा १६० ग्रॅमची डिस्क तुमच्या हातात लवकर वळेल.

वळण अगदी काटकोनातलं असेल, शेवटी डिस्क ठामपणे उजवीकडे जायला हवी असेल, तर बॅकहँडचा नाद सोडा आणि फोरहँड (तळवा वर ठेवून, शरीराच्या उजव्या बाजूने) टाका. तिथे फिरण्याची दिशा उलटी असते, त्यामुळे फेड उजवीकडे येतो आणि ओव्हरस्टेबल (फेड जास्त असलेली) डिस्क तुमच्या बाजूने काम करते. ७० मीटरच्या आत झोन (४, ३, ०, ३), त्यापुढे फायरबर्ड (९, ३, ०, ४). डिस्क सुटेपर्यंत तळवा आकाशाकडे ठेवा. मनगट आधीच पालथं पडलं की डिस्क थरथरत डावीकडे उलटते.

आता बॅकहँडचा हात. अ‍ॅनहायझरमधला सर्वांत मोठा घोटाळा म्हणजे कोन मनगटाने द्यायचा प्रयत्न. शरीर सपाट थ्रोच्या ठेवणीत आणि सोडताना मनगट पिळलेलं, असं झालं की डिस्क डगमगते, स्पिन वाया जातो आणि कोन दर वेळी वेगळा पडतो. कोन कमरेतून आला पाहिजे. हायझरला कमरेत पुढे वाका, भार चवड्यांकडे. अ‍ॅनहायझरला छाती उभी, पाठ किंचित मागे, भार टाचांकडे. दोन्हीकडे हात पाठीच्या कण्याशी तसाच काटकोनात फिरतो, झुकतं ते सगळं शरीर. हात मागे नेताना डिस्क ज्या तिरप्या पातळीत आहे, त्याच पातळीत ती पुढे यायला हवी, आणि सुटल्यानंतर हातही त्याच पातळीत पुढे निघून जायला हवा. मध्येच थांबवला की कोन मोडतो.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही: नाक वर राहणं. मागे झुकलं की डिस्कची पुढची कड आपोआप उचलली जाते. मग ती वर चढते, वेग गमावते आणि डावीकडे कोसळते, आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो. डिस्क तळव्यावरच्या तिरक्या रेषेत बसवा, अंगठा वरून घट्ट दाबा, आणि हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसं मनगट जरा खाली ठेवा. थ्रोचा व्हिडिओ बाजूने घेतलात तर एका नजरेत कळेल: उडत्या डिस्कची पुढची कड मागच्या कडेपेक्षा वर दिसत असेल तर नाक वर आहे.

तिसरी गोष्ट दिशेची. रन-अप बास्केटकडे नको, डिस्क जिथे सोडायची त्या डावीकडच्या रेषेवर हवा. बास्केटकडे धावून ऐनवेळी हात डावीकडे ओढला तर नितंब अडतात आणि डिस्क उशिरा सुटते. उंचीही थोडी जास्त द्या, कारण तिरप्या डिस्कची उचल बाजूला खर्च होते. तुमची डिस्क जमिनीत घुसण्यामागे वाढवलेला कोन आणि न वाढवलेली उंची, हे दोन्ही आहे.

सरावासाठी मोकळ्या मैदानात माको३ किंवा बझ घ्या. रन-अप नाही, जागेवरून, ६० टक्के जोर. त्याच डिस्कने पाच थ्रो हायझरवर, पाच सपाट, पाच अ‍ॅनहायझरवर, सगळे एकाच खुणेकडे. तिन्ही गटांच्या पडण्याच्या जागा स्पष्ट वेगळ्या आल्या की मग पावलं जोडा. त्याआधी जोर वाढवला तर कोन बिघडला की वेग, हेच कळत नाही.

वारा पाहून निवड बदला. समोरून वारा असेल तर हवेतला वेग वाढतो आणि प्रत्येक डिस्क जास्त अंडरस्टेबल वागते. लेपर्डऐवजी टीबर्ड (७, ५, ०, २) घेऊन तिला थोडा अ‍ॅनहायझर द्या. मागून वारा असेल तर टर्न कमी होऊन फेड लवकर येतो, तेव्हा लेपर्ड किंवा रोडरनर. डावीकडून वारा अ‍ॅनहायझरवरच्या डिस्कच्या तळाला लागतो आणि तिला उजवीकडे लांब नेतो, म्हणून कोन कमी ठेवा. उजवीकडून वारा वरच्या पृष्ठभागावर दाब देऊन तिला लवकर खाली पाडतो. अशा वेळी या फेअरवेवर फोरहँड घ्यावा: त्या थ्रोची उंची कमी ठेवता येते.